मधली जागा आणि नवा स्ट्रायकर

आयुष्यात एकदा तरी फुटबॉलवर आपलं स्वतःचं मत द्यायचं, असं मी ठरवलं आणि तिथेच माझं चुकलं.

तशी माझी मतं देण्याची सवय लग्नानंतर सुटलीच होती. माझं सासर फुटबॉलवेडं आहे आणि ते वरच्याच मजल्यावर राहतं. सामना असला की सासरे आणि मेहुणा जिन्यानं खाली उतरतात, कारण टीव्ही आमचा मोठा आहे. (घेतला मी, पण रिमोट मी अजून हातात धरलेला नाही.) सोफ्यावर तिघांची जागा. मध्ये सासरे, उजवीकडे मेहुणा, डावीकडे बायको. मी दाराजवळच्या घडीच्या स्टुलावर. बेल वाजली तर उठायला सोपं जावं म्हणून.

या तिघांची मतं म्हणजे तज्ज्ञांची मतं. सासऱ्यांनी उभी हयात हाडांच्या दवाखान्यात एक्स-रे काढण्यात घालवली, त्यामुळे खेळाडू मैदानात उतरला की त्यांना त्याचा चेहरा दिसतच नाही, थेट गुडघा दिसतो. बायको चष्म्याच्या दुकानात नंबर तपासते, म्हणून ती नजरेवर बोलते. मेहुणा विमा विकतो. त्याला माणूस दिसला की आधी त्याचं वय आणि मग त्याचं काय काय मोडू शकतं हे दिसतं. मी वजनमापं तपासणाऱ्या कार्यालयात कारकून. मला कुणी काही विचारत नाही.

तर आमच्या क्लबानं नवा स्ट्रायकर आणला. टीव्हीवर त्याला नवी जर्सी हातात धरून उभा केला होता आणि सोफ्यावर पंचनामा सुरू झाला.

"डावा गुडघा गेलाय," सासरे म्हणाले. "उभा कसा राहिलाय बघा."

"बॉल येतो तिकडे बघतच नाही हो तो," बायको म्हणाली. "मागच्या क्लबात असताना बघितलंय मी. दूरचं कमी दिसत असणार."

"आणि वय?" मेहुणा म्हणाला. "असल्या माणसाला मी पॉलिसीसुद्धा देणार नाही."

मी टीव्हीकडे बघत होतो. त्या बिचाऱ्याच्या दोन्ही बाजूंना क्लबाचे मोठे लोक उभे होते, सगळे एकमेकांशी बोलत होते आणि हा मध्ये जर्सी धरून नुसता हसत होता. हात कुठे ठेवायचे ते कळत नव्हतं त्याला. लग्नानंतर पहिल्यांदा सासरी जेवायला गेलो होतो, तेव्हा माझा चेहरा अगदी असाच होता. मला भडभडून आलं.

"चालेल तो," मी म्हणालो.

तिघांनी माना वळवल्या. स्टूलच बोललं असावं, तसे बघत होते माझ्याकडे.

"कशावरून?" सासऱ्यांनी विचारलं.

आता कशावरून ते काय सांगणार? "मला वाटतं," मी म्हणालो.

"जावईबापू, वाटणं वेगळं आणि गुडघा वेगळा."

मेहुणा हसला. बायकोही हसली, आणि ते मला लागलं. मी तावातावानं उभा राहिलो आणि म्हणालो, "कट्टर विरोधकांशी सामना होईल ना, तो संपेपर्यंत त्यानं गोल मारला नाही, तर मी या घरात फुटबॉलबद्दल तोंड उघडणार नाही. आणि मारला, तर मधली जागा माझी!"

 सासऱ्यांनी आपल्या बुडाखालची गादी एकदा चाचपली आणि म्हणाले, "मंजूर."

त्यानंतर माझ्या स्ट्रायकरनं जे काही केलं, ते विरोधकांनी पैसे देऊन करवून घेतलं असतं तरी इतकं चांगलं जमलं नसतं. मोकळ्या गोलवरून चेंडू प्रेक्षकांत. एकदा तर पंचाला पास. दर सामन्यानंतर मेहुणा मला अत्यंत प्रेमानं विचारायचा, "भाऊजी, स्टुलाला उशी देऊ का?" मी मात्र त्या खेळाडूसाठी अक्षरशः जीव टाकत होतो. तो घसरला की माझाच पाय मुरगळायचा.

आता इथे दोन गोष्टी सांगायला हव्यात. पहिली म्हणजे आमच्या घराचा नियम. आपला गोल झाला, त्या क्षणी जो जिथे जसा असेल, त्यानं सामना संपेपर्यंत तिथेच तसंच राहायचं. हललं की नशीब फिरतं. मेहुणा एकदा खाली पडलेलं बिस्किट उचलायला वाकला होता आणि गोल झाला. पठ्ठ्यानं उरलेला सामना वाकून, दोन पायांच्या मधून बघितला. जिंकलो आम्ही.

दुसरी गोष्ट बाथरूमच्या कडीची. ती ढिली झाली होती. बायको म्हणाली सुताराला बोलवा. मी म्हणालो, एवढ्याशा कामाला सुतार कशाला? आणि मीच बसवली. (तिनं नुसता सुताराचा नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवला.)

कट्टर विरोधकांशी सामन्याचा दिवस उजाडला. अजून माझ्या माणसाचा एकही गोल नव्हता. सामना संपत आला, आम्ही एका गोलनं मागे, आणि त्यानं समोरून आलेला चेंडू हवेत मारला. सासऱ्यांनी माझ्याकडे बघून आपली गादी पुन्हा एकदा चाचपली. ते मला सोसेना. तोंडावर पाणी मारावं म्हणून मी बाथरूममध्ये गेलो, कडी लावली आणि तोंड धुऊन कडी काढायला गेलो तर ती निघेना. ओढली, ढकलली, खांदा लावला. बसवताना मी इतकं घट्ट काम केलं होतं की मलाच माझं कौतुक वाटलं.

"अहो, कडी अडकली!" मी ओरडलो.

"आत्ताच सुचायचं होतं हे?" बायको ओरडली, पण सुताराला फोन मात्र केला तिनं. तो खालच्याच गल्लीतला.

आणि तेवढ्यात बाहेर असा काही आरडाओरडा झाला की आरसा हलला. "गोल! गोल!"

"कुणी मारला?"

"तुमच्या माणसानं!" मेहुण्याचा रडवेला आवाज आला.

मी आनंदानं उडी मारली आणि खाली आलो तो एक पाय बादलीत. "मी म्हणालो होतो! चालेल म्हणालो होतो! उघडा दार, रिप्ले दाखवा मला!"

 मग जागचे न हलता सासरे म्हणाले, "जावईबापू, तुम्ही नक्की कुठे उभे आहात?"

"बेसिनपाशी."

"तिथेच राहा."

"अहो पण माझा पाय बादलीत आहे!"

"बादलीत पाणी आहे?"

"आहे!"

"असू द्या. काही हलवू नका."

बेल वाजली. (उठायला मी नव्हतो, म्हणून ती बराच वेळ वाजली.) शेवटी दार ढकलून सुतारच आत आला. मला वाटलं, सुटलो.

"स्कोअर काय?" सुतारानं विचारलं.

"बरोबरी. आत्ताच झाली."

"आत कोण आहे?"

"आमचे हे."

"बरे आहेत ना?"

"ओरडतायत."

"मग बरे आहेत," तो म्हणाला आणि त्यानं कडीच्या बाजूला पेचकस लावला. लावला मात्र, बाहेर तिघंही किंचाळले. विरोधकांचा चेंडू आमच्या गोलच्या खांबाला लागून परत आला होता.

"नको रे बाबा," सुतार म्हणाला. "मी हात लावला आणि हे झालं." पेचकस पिशवीत गेल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. पाठोपाठ स्टूल करकरलं. तो माझ्या जागेवर बसला होता.

मी एका पायावर, एक पाय पाण्यात, उभा राहिलो. खोटं कशाला सांगू, दार उघडावं असं मलाही आता वाटेना. शेवटच्या क्षणी पुन्हा आरसा हलला. पुन्हा त्याचाच गोल. आम्ही जिंकलो होतो.

सामना संपल्यावर सुतारानं दार उघडलं, तेव्हा सासऱ्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी मला हाताला धरून सोफ्यापाशी नेलं. "तुमचं खरं झालं. बसा," ते म्हणाले आणि मी मधल्या जागेवर बसलो. गादीला मध्ये छान खळगा होता. बायकोनं स्वतःच्या हातानं माझा पाय पुसला आणि म्हणाली, "मला वाटलं नव्हतं हो तुम्हाला इतकं कळतं." इतकं सुख मला कधी झालं नव्हतं. टीव्हीवर तोवर जाहिराती लागल्या होत्या, रिप्ले राहिला तो राहिलाच.

पुढच्या सामन्याला मी रुबाबात मध्ये बसलो. माझ्या माणसाला पेनल्टी मिळाली. त्यानं ती थेट गोलकीपरच्या हातात दिली.

 तिघांच्या माना हळूहळू माझ्याकडे वळल्या. मी उठलो.

"बादली?" मी विचारलं.

"भरून ठेवलीय," बायको म्हणाली.

तेव्हापासून तो स्ट्रायकर सुटलाच आहे. जवळजवळ प्रत्येक सामन्यात गोल. सुतारानं कडी आतून काढून बाहेरून बसवली आहे, मला चुकून हलावंसं वाटू नये म्हणून. मधली जागा अजून माझीच आहे, हे सासरे सगळ्यांना अभिमानानं सांगतात. तिच्यावर दुसऱ्या कुणी हक्क सांगू नये, म्हणून सामन्यापुरता तिथे सुतार बसतो.

परवा कार्यालयात साहेबांनी मला मुद्दाम केबिनमध्ये बोलावलं. चार लोकांसमोर खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "सगळे नावं ठेवत होते, तेव्हा तुम्ही एकट्यानं ओळखलंत म्हणे त्याला. सांगा ना आम्हाला, कसा काय खेळतो हो तो?"

मी घसा साफ केला.

"आवाजावरून तरी बरा वाटतो," मी म्हणालो.