वेलमारियाशी दोस्ती तोडायचा दिवस

"साहेब, विधेयक असं लिहिलंय की विरोधकांच्या सात पिढ्या बसल्या तरी त्यात खोट सापडायची नाही!" मदतनीस वेंडेल ओस्त्रोमनं सकाळी सकाळी छाती फुगवून सांगितलं.

साहेब म्हणजे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याचे खासदार हार्लन ब्रुकमायर. निवडणूक तोंडावर आलेली, आणि वेलमारिया नावाच्या बोटभर देशानं नेमकी त्यांच्या मतदारसंघातल्या चीजवर बंदी घातलेली! दूधवाले शेतकरी खवळले. साहेब त्यांच्याहून खवळले. वेलमारियाचा 'लष्करी मित्रदेश' हा दर्जा कायदा करून काढून घ्यायचा, असं त्यांनी टीव्हीवर ठोकून दिलं आणि विधेयक लिहायचं काम वेंडेलच्या गळ्यात टाकलं.

दुपारी बाराला पत्रकार यायचे होते. अकरापासूनच वेंडेलचा पाय जमिनीला टेकेना. खुर्चीत बसला की उठायचा, उठला की टाय सैल करायचा, सैल केला की पुन्हा आवळायचा. पिंजऱ्यातला उंदीरसुद्धा एवढ्या फेऱ्या मारत नसेल!

तेवढ्यात बाहेरच्या टेबलावरची ग्रेटा आत डोकावली. "अरे वेंडेल, वेलमारियाच्या राजदूतबाई आल्यात. मिठाईचा खोका घेऊन!"

"मिठाई? आज? सांग त्यांना, साहेब नाहीत म्हणून!"

तो बाहेर धावला. राजदूत इलोन्का द्रेझबाई कोचावर प्रसन्न बसल्या होत्या. इतक्यात आतल्या खोलीतून भाषणाची तालीम गरजली, "वेलमारियाचे लाड आता बंद!"

"कोण हो हे?" बाईंनी विचारलं.

"टीव्ही आहे, बाई."

"मोठा करा की! छान बोलतोय."

वेंडेलला दरदरून घाम फुटला. आणि दार उघडून 'टीव्ही' स्वतःच बाहेर आला! बाईंच्या मांडीवरचा खोका पाहून साहेबांना वाटलं, गावाकडच्या दूधसंघाच्याच कुणीतरी आल्या.

"या, या! अहो, तुमच्यासाठीच चाललंय हे सगळं!"

"खरंच, आमच्यासाठी?" बाईंचे डोळे भरून आले.

"मग काय! त्या वेलमारियाला असा धडा शिकवतो की..."

वेंडेल खोकला. मग जोरात खोकला. शेवटी कोचाआड बसून खोकला.

"मी वेलमारियाची राजदूत," बाई शांतपणे म्हणाल्या.

साहेबांचा चेहरा आंबलेल्या दुधासारखा झाला. "म्हणजे तुम्ही... निषेध करायला आलात?"

"छे हो, आभार मानायला! तेवढं विधेयक आणाच. नऊ वर्षं मी तो दर्जा मागतेय. इथलं कुणी फोनसुद्धा उचलत नाही. आता तुम्ही तो काढून घेताय म्हटल्यावर तो आम्हाला होता, हे साऱ्या जगाला पटेल!"

साहेब सावकाश वळले. "वेंडेल, यांना तो दर्जा मिळालेलाच नाही?"

"साहेब, तुम्ही काढून घ्या म्हणालात. मला वाटलं, काढून घ्यायचा म्हणजे असेलच!"

"तपासलं नाहीस?"

"तुम्ही टीव्हीवर बोललात, साहेब! त्यावर मी काय तपासणार?"

बाहेर पत्रकारांची गर्दी ऐकू येऊ लागली. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, मग वेंडेलच्या गळ्याकडे. तेव्हा बाईंनीच खोका पुढे केला. "एक सुचवू का? दर्जा देऊनच टाका ना! उद्या सकाळी चीजवरची बंदी उठली असं समजा. नाहीतरी ती बंदी आमच्याकडे कुणी लक्ष द्यावं म्हणूनच घातली होती."

वेंडेलनं कॉम्प्युटरवर झडप घातली. 'काढून घेण्यात येत आहे' खोडलं, 'देण्यात येत आहे' ठोकलं. घाई अशी की वेलमारियाचं दोनदा वालमेरिया झालं!

साहेब पत्रकारांसमोर गेले आणि अतूट मैत्रीवर असे बोलले की टाळ्या पडल्या. द्रेझबाई तर उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. दूधसंघाचा फोन आला, गावात मिरवणूक काढताहेत म्हणून. वेंडेल खुर्चीत कोसळला. सुटलो एकदाचे!

ग्रेटा पुन्हा डोकावली. "वेंडेल, बाहेर आणखी चार देशांचे राजदूत मिठाईचे खोके घेऊन बसलेत. म्हणतायत, आमचाही दर्जा काढून घ्यायचं साहेबांच्या मनात आहे का, जरा विचारून सांगा!"