पन्नासावं टोकन

सुरतेतल्या आमच्या लिंबायतचे नाना सोनवणे एकदा मोबाइलच्या दुकानात शिरले, काउंटरवर एक पितळी चकती ठेवली आणि अर्ध्या आण्याचा गूळ मागितला.

"काका, आ नहीं चाले," दुकानदार म्हणाला.

"दुकान तर हेच. पत्ता छापलाय," नाना म्हणाले.

चकती दुसऱ्या महायुद्धातली. तेव्हा सुट्टी नाणी मिळेनाशी झाली, म्हणून व्यापारी सुट्ट्याऐवजी आपल्या नावाची टोकनं देत आणि पुढच्या खेपेला मालाच्या बदल्यात परत घेत. नाना अशी टोकनं भंगारवाल्यांकडून जमवायचे. दुसरा कुणी डबीत घालून ठेवील. नाना ती घेऊन दुकान शोधायला निघायचे. मी एकदा मोजली. टोकनं एकेचाळीस, त्यातल्या सतरांवर पत्ता, चालू सापडलेलं दुकान एकही नाही. तसं सांगितलं की नाना म्हणायचे, "भाऊ, टोकन बाहेर आहे तोवर दुकान उघडंच समजा."

त्यांचं स्वतःचं किराणा दुकान माझ्या घराखालीच होतं. मध्यंतरी रुपयाची नाणी दिसेनाशी झाली, तेव्हा बाकीच्यांनी चॉकलेटं दिली. नानांनी कापडाच्या लूमवरच्या फुटक्या प्लॅस्टिक बॉबिनच्या चकत्या कापल्या, तापल्या सुईनं आपलं नाव कोरलं. अशी पन्नास टोकनं काढली, एकोणपन्नास परत आली.

पुढे गिऱ्हाईक मॉलकडे वळलं, फळ्या रिकाम्या झाल्या. तरी नाना सकाळी शटर वर करून बसायचे. "एक यायचंय अजून," म्हणायचे. मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोसाडला राहायला बोलावत होता. हे हलेनात, तेव्हा त्यानं गाळाच विकून टाकला.

नाना जायच्या आधीच्या शेवटच्या रविवारी माझ्या बायकोला शिवणाच्या डब्यात ते पन्नासावं टोकन सापडलं. नाना खूश होतील म्हणून मी लगेच खाली गेलो.

"यावर काय मिळेल, नाना?"

त्यांनी ते धोतराला पुसलं, उजेडात धरलं. मग वळून फळ्यांकडे पाहिलं. काटासुद्धा नेलेला होता.

"वहिनी जिरं न्यायच्या," ते म्हणाले. "रुपयाचं."

मी हसलो. ते हसले नाहीत. टोकन माझ्या तळहातावर ठेवून त्यांनी माझी बोटं मिटली.

"राहू द्या तुमच्याकडे. हे घेतलं तर माझ्याकडे यायचं कुणी उरत नाही."

मग त्यांनी कोसाडचा पत्ता सांगितला. पाण्याच्या टाकीमागची बिल्डिंग, तिसरा मजला, जिन्यालगतचं दार.

"तिथं दुकान नाही, भाऊ," ते म्हणाले, आणि पत्ता पुन्हा पहिल्यापासून सांगितला.