डिकी, ब्रेक दाबा!

"एकही सूचना द्यायची नाही," चादरींच्या घड्या करता करता बाई म्हणाल्या. "मला नाही, लेकीला नाही, शेजारून जाणाऱ्या ट्रकवाल्याला नाही. कॅरव्हॅन मी चालवणार. तुम्ही बाजूला बसून झाडं बघायची. तोंडातून एक जरी सूचना निघाली ना, तर जिथे असू तिथून गाडी घराकडे वळवीन."

"अगं, पण गाडी केवढी मोठी आहे ती! मागे अख्खं स्वयंपाकघर आहे. एखादं अवघड वळण आलं आणि मी..."

"झाडं बघायची," बाई म्हणाल्या.

हे मास्तर मोटार स्कूल चालवत. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी मोटार चालवायला शिकवली होती. मोठमोठे डॉक्टर आणि वकील अजूनही रस्त्यात ते दिसले की दचकून आरशात बघत. हातून निसटलेली शिष्या एकच, ती म्हणजे त्यांची बायको. लग्नानंतर पहिल्याच धड्याला बाईंनी भर चौकात गाडी बंद केली, किल्ली मास्तरांच्या मांडीवर टाकली आणि त्या चालत घरी निघून गेल्या. पुढे त्या पलीकडच्या गल्लीतल्या दुसऱ्या मोटार स्कूलमध्ये शिकल्या, आणि उत्तम शिकल्या. याबद्दल मास्तर कधी चकार शब्द बोलले नाहीत, पण भाजी आणायला जातानासुद्धा ते त्या गल्लीला वळसा घालून जात.

पण या वेळी वाद घालण्यात अर्थ नव्हता. बाई डोळ्यांच्या दवाखान्यात पेशंटचे नंबर पुकारायच्या. दिवसभर घसा कोरडा करून घरी यायचे, तर इथे मास्तरांचे सुरूच: कपाटाचे दार अर्धेच उघड, ताट घेऊन वळताना मागे बघ. तलावाकाठच्या कॅरव्हॅनच्या मैदानाचा फोटो बाईंनी फ्रिजवर इतके दिवस चिकटवून ठेवला होता की त्याचे कोपरे वळले होते. त्या तलावाशी खुर्ची टाकून आपली बायको स्वस्थ बसली आहे, हे मास्तरांनाही अगदी मनापासून बघायचे होते. म्हणून त्यांनी अट कबूल केली.

"पण मग डिकीचं काय?" लेकीने विचारले.

"त्याचं काय? तोही झाडं बघेल," बाई म्हणाल्या, आणि तो विषय तिथेच संपला. संपायला नको होता.

डिकी हा घरचा कुत्रा. पिल्लू असताना तो मास्तरांच्या शिकवणीच्या गाडीच्या उघड्या डिकीत शिरून झोपला, तो कायमचाच. तेव्हापासून मागच्या सीटवर बसून त्याने शेकडो लोकांचे धडे ऐकले होते. त्यामुळे 'बस', 'ये', 'थांब' असल्या साध्या शब्दांकडे तो ढुंकूनही बघत नसे. पण 'ब्रेक दाबा' म्हटले की होता तिथे पोटावर सपाट पडे, कारण नवशिक्याने ब्रेक दाबल्यावर मागच्या सीटवर काय होते ते त्याने सोसले होते. 'आरसा बघा' म्हटले की मान वळवून मागे बघे. 'डावीकडे घ्या' म्हटले की डावीकडे वळे. घराच्या बोळात एकदा हौसेने शिकवल्यामुळे 'रिव्हर्स घ्या' म्हटल्यावर शेपटी पुढे करून मागे मागेही चाले. फक्त त्याला अहो-जाहो करावे लागे. मास्तर शिष्यांना अरे-तुरे करत नसत, तेव्हा एकेरीतली आज्ञा आपल्यासाठी असते हे डिकीच्या गावीच नव्हते.

प्रवास सुरू झाला. बाई सुरेख चालवत होत्या, हेच मास्तरांना सोसवत नव्हते. पेपरमिंटच्या गोळ्यांची पुरचुंडी त्यांनी गावाची वेस यायच्या आत संपवली. प्रत्येक वळणाला त्यांचा उजवा पाय आपसूक खाली जाई आणि नसलेला ब्रेक दाबून परत येई. बाईंना ते दिसत होते, पण पायाबद्दल काही ठरले नव्हते.

मागे डिकीची वेगळीच तऱ्हा. गाडी चालू आहे आणि कोणी काहीच सांगत नाही, हा प्रकार त्याच्या आयुष्यात पहिलाच. तो दोन सीटच्या मध्ये येऊन मास्तरांच्या तोंडाकडे टक लावून उभा राहिला. मास्तरांनी झाडांकडे बघितले.

तेवढ्यात समोर आडव्या रस्त्यावरून एक ट्रॅक्टर घुसला. मास्तरांना तो बाईंच्या आधी दिसला होता. शब्द अगदी जिभेवर आला, त्यांनी तो गिळला. बाईंनी वेळेवर, अगदी व्यवस्थित ब्रेक लावला. गाडी थांबली, पण डिकी थांबला नाही. त्याला कोणी कळवलेच नव्हते! तो घरंगळत डॅशबोर्डवर आपटला आणि मागच्या ओट्यावरून अंड्यांचा ट्रे अख्खाच्या अख्खा उडून त्याच्या अंगावर आला.

"बाबा, तुम्ही सांगायचं तरी त्याला," लेक म्हणाली.

डिकीनेही तेच म्हणायच्या नजरेने मास्तरांकडे बघितले. त्याच्या कानावरून पिवळे बलक ओघळत होते. मास्तरांना भडभडून आले.

मैदानाच्या फाटकाशी मॅनेजर उभे होते. गळ्यात शिट्टी, मिशांना पीळ.

"नियम एकच," ते म्हणाले. "कुत्रा मोकळा दिसला, की कुत्र्यासकट कुटुंब बाहेर. कालच एक बिऱ्हाड घालवलंय. तुमचा ऐकतो ना?"

"शब्दाबाहेर नाही," मास्तर म्हणाले. ते खोटे नव्हते. कुठल्या शब्दाबाहेर, हे मॅनेजरांनी विचारले नाही.

जागा मात्र फोटोतल्यापेक्षाही छान निघाली. हिरवे मैदान उतरत उतरत तलावाला भिडले होते. बाईंनी खुर्ची उघडली, पाण्यापासून थोड्या अंतरावर टाकली, टोपी तोंडावर ओढली आणि इतका लांब सुस्कारा सोडला की मास्तरांना वाटले, सगळ्या गोळ्यांचे सार्थक झाले. आता चार दिवस ही बाई अशीच बसू दे.

पण ऊन लागताच डिकीच्या अंगावरची अंडी वास मारायला लागली. आंघोळ घालणे भागच होते. मास्तरांनी नळाखाली टब लावला, शॅम्पू ओतला. पट्टा भिजला तर मान काचेल म्हणून लेकीने तो काढून ठेवला. बघता बघता डिकी कानापासून शेपटीपर्यंत फेसाचा झाला. आणि त्याच वेळी शेजारच्या तंबूवाल्याने गाडी सुरू केली.

एंजिनचा आवाज आला की धडा सुरू होतो आणि आपण गाडीत असायला हवे, हे डिकीला पक्के ठाऊक होते. तो टबातून उसळला. लेकीने धरला तर हातातून साबणाच्या वडीसारखा सटकला. गाडी निघून गेली, डिकी तिच्या मागे, तिच्या मागे लेक, आणि लेकीच्या मागे टॉवेल घेऊन मास्तर.

"ए, थांब! थांब की!" पलीकडच्या तंबूतले गृहस्थ ओरडले. डिकी त्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांमधून पार झाला आणि एक बंडी डोक्यावर घेऊन पुढे निघाला.

"ये ये ये! बिस्कीट घे!" कोणा आजींनी हात पुढे केला. डिकीने त्यांच्या चहाच्या टेबलाखालून वाट काढली. टेबल जागेवर राहिले, चहा नाही.

"बाबा, बोला ना!" लेक धापा टाकत म्हणाली. "तुमचं ऐकेल तो!"

मास्तरांची अवस्था इकडे आड तिकडे विहीर अशी झाली होती. बोलावे, तर अट मोडते आणि बाई गाडी घराकडे वळवतात. त्या शब्दाच्या किती पक्क्या आहेत, हे मास्तरांनी भर चौकात मांडीवर किल्ली घेऊन अनुभवले होते. न बोलावे, तर मॅनेजर बाहेर काढतात. दोन्हीकडून त्या खुर्चीतली सुट्टीच जाणार होती. धावता धावता त्यांनी हाताने थांबायची खूण केली, मग वळायची खूण केली. दोन्ही खुणा अचूक होत्या. डिकी पुढे बघून पळत होता.

"आरसा कसा बघत नाही हा!" मास्तर मनातल्या मनात किंचाळले.

आणि मग त्यांनी पुढे बघितले. तलावाच्या काठी एका डगमगत्या स्टुलावर चढून खुद्द मॅनेजर पाटी रंगवत होते. हातात लाल रंगाचा डबा. पाटीवर लिहून झाले होते: 'कुत्री बांधून'. पुढचे शब्द यायचे होते. आणि डिकी, डोळ्यांवर बंडी घेऊन, सरळ त्या स्टुलाच्या पायांकडे सुटला होता.

मास्तरांनी तोंड उघडले. बाईंची खुर्ची दिसली. तोंड मिटले. पुन्हा उघडले.

"ब्रेक दाबा!"

आवाज मैदानभर घुमला. पण तो मास्तरांचा नव्हता. दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावरून फाटकापर्यंत पोचणारा तो आवाज होता. टोपी गवतात पडली होती आणि बाई खुर्चीसमोर ताठ उभ्या होत्या.

डिकी पोटावर सपाट पडला, साबणावरून घसरत गेला आणि स्टुलाच्या पायापासून बोटभर अंतरावर थांबला.

"शाबास," बाई म्हणाल्या, त्याच चालीत, त्याच ठसक्यात. "आरसा बघा."

डिकीने मान वळवून मागे बघितले. बंडी गळून पडली.

"आता रिव्हर्स घ्या. सावकाश. घाई नाही. डावीकडे घ्या, आणखी थोडं... बस, लावा गाडी."

डिकी मागे मागे चालत, डावीकडे वळत, बाईंच्या खुर्चीशेजारी बरोबर समांतर येऊन बसला. सगळे मैदान भोवती गोळा झाले होते.

मॅनेजर स्टुलावरून उतरले. त्यांनी डिकीकडे बघितले. मग मास्तरांकडे बघितले. बाईंचा आवाज कानावर पडताच मास्तर धावता धावता जागच्या जागी थिजले होते. त्यांचा उजवा पाय काठच्या चिखलात घोट्यापर्यंत रुतला होता आणि ते अजूनही तो जोर लावून दाबत होते.

"बाई," मॅनेजर म्हणाले, "दोघांनाही छान वळण लावलंय तुम्ही."

"मोकळा होता हो तो," बाई ओशाळून म्हणाल्या. "पट्टा नव्हता गळ्यात."

"मोकळा कसला? इतका बांधलेला प्राणी मी बघितला नाही. त्यांना... म्हणजे कुत्रेसाहेबांना, पुन्हा एकदा मागे घेऊन दाखवाल का?"

बाईंनी दाखवले. आजींनी टाळ्या वाजवल्या.

गर्दी पांगल्यावर मास्तर चिखलाचा बूट हातात घेऊन बाईंच्या खुर्चीशी येऊन बसले.

"सूचना दिलीस तू," ते म्हणाले.

"अट तुमच्यासाठी होती. माझ्यासाठी कुठे होती?"

"पण तुला सगळं येतं कसं? तू तर त्या... त्या गल्लीत शिकलीस."

बाईंनी गवतातली टोपी उचलून झटकली. "झोपेत बोलता तुम्ही. रोज कुणाला तरी पार्किंग शिकवत असता. मी परीक्षेला गेले ना, तेव्हा त्या दुसऱ्या मास्तरांचं एक अक्षर आठवेना. तुमचंच सगळं आठवत होतं. त्याच्यावरच पास झाले."

"मग कधी बोलली नाहीस ते?"

"बोलले असते तर आयुष्यभर ऐकवलं असतंत."

मास्तरांना इतका आनंद झाला होता की काय करावे ते सुचेना, म्हणून त्यांनी ओल्या डिकीला टॉवेलने खसाखसा पुसून काढले.

चार दिवस मजेत गेले. परतीच्या वेळी बाईंनी अट थोडी सैल केली. डिकीचे हाल नकोत, म्हणून मास्तरांनी मागे त्याच्याजवळ बसायचे आणि सूचना फक्त त्यालाच द्यायच्या. पुढे तोंड करून बोलायचे नाही.

मास्तर डिकीच्या शेजारी ऐसपैस बसले. "ब्रेक हलकेच दाबा," ते डिकीच्या कानात म्हणत, आणि डिकी समाधानाने पसरे. पुढे कॅरव्हॅनही हलकेच मंदावे. योगायोग असेल, असे म्हणून मास्तर खिडकीबाहेर झाडे बघत.

घाटाच्या तोंडाशी रस्ता अरुंद झाला. बाई स्टिअरिंग घट्ट धरून चालवत होत्या. एका वळणाच्या आधी त्यांनी मान न वळवताच हाक मारली.

"अहो, डिकीला विचारा जरा, मागून ट्रक येतोय का?"

मास्तरांनी मागच्या काचेतून नीट बघितले. घसा साफ केला.

"डिकी," ते म्हणाले, "येतोय म्हणून सांगा त्यांना. आणि म्हणावं, फार छान चालवताय. जाऊ द्या त्याला पुढे."