डावा, उजवा आणि भोंगाडे भाऊजी

भोंगाडे भाऊजींच्या स्वयंपाकघरात मिठाच्या डब्यावर मीठ लिहिलेलं नाही. तिथे १०४ लिहिलेलं आहे. साखर २३१ आणि हळद ८७. पांढऱ्या ऑइलपेंटने, बारीक ब्रशने, डब्यावरही आणि झाकणावरही. एकदा मी त्यांच्याकडून बेसनाचा डबा आणला आणि परत करताना आमचं झाकण त्यावर गेलं. संध्याकाळी भाऊजी दारात.

"वहिनी, आमचं झाकण तुमच्याकडे राहिलंय."

"बसलं की हो ते," मी म्हटलं.

"बसणं वेगळं, असणं वेगळं," भाऊजी म्हणाले आणि झाकण बदलून घेऊन गेले.

भोपाळला कारखान्याच्या कॉलनीत आमचे क्वार्टर समोरासमोर, मध्ये फक्त जिना. आमचे हे शॉपवर, म्हणजे यंत्रं बनतात त्या वर्कशॉपमध्ये, फिटर, आणि भाऊजी डिझाइन ऑफिसात. मूळचे वर्ध्याचे. डिझाइन ऑफिसात कम्प्युटरवर यंत्राची चित्रं काढतात. यंत्राच्या प्रत्येक तुकड्याला एक नंबर असतो. कोणत्या नंबरचे किती तुकडे लागतील ती यादी कम्प्युटर चित्रावरून आपोआप काढतो, आणि यादीत असेल तेवढंच शॉपमध्ये बनतं. नवा नंबर द्यायचं काम भाऊजींचं. मोठे इंजिनिअरसुद्धा त्यांना विचारल्याशिवाय नंबर घेत नसत.

हे सगळं मला भाऊजींनीच सांगितलं. कुसुमताई, म्हणजे त्यांच्या मिसेस, ऐकत नाहीत. मी मध्ये बोलत नाही. त्यामुळे भाजी निवडत बसले की भाऊजी मला सांगत. "वहिनी, साबुदाण्याच्या खिचडीत कूट घालता आणि वरून दाणेही टाकता. दोन्ही शेंगदाणेच. मग नंबर एकच की दोन?"

"दोन," मी म्हणाले. एकाच्या ऐवजी दुसरं चालत नाही, एवढं मला कळत होतं.

"बघा," ते आत वळून मोठ्याने म्हणाले. "वहिनींना कळलं."

"त्यांना घरी जायचंय म्हणून कळलं," आतून कुसुमताई.

कुसुमताईंनी एकदा सुचवलं होतं की मसाल्यांचे नंबर एकपासून लावा, डाळींचे दोनशेपासून, म्हणजे निदान लक्षात तरी राहील. भाऊजींना ते मुळीच पटलं नाही. नंबरात अर्थ कोंबायचा नाही, हा त्यांचा पहिला नियम. "मेथी कुठे घालशील? मसाल्यात, भाजीत की औषधात? अर्थ बदलतो. नंबर बदलत नाही." दुसरा नियम, एकदा दिलेला नंबर पुन्हा कुणाला द्यायचा नाही. कप फुटला तर त्याचा नंबर त्याच्याबरोबर गेला. नव्या कपाला नवा नंबर. कुसुमताई म्हणायच्या, "आमच्याकडे कपाचंही श्राद्ध घालतील हे."

बाजारात त्यांच्याबरोबर जायला सगळे घाबरत. कुकरची रबर घ्यायला गेले तर दुकानदाराला विचारणार, "वही है, या वैसी है?"

"अंकल, सीटी मारेगा. और क्या चाहिए?"

"सीटी तो पुलिसवाला भी मारता है."

मग अर्धा तास रबर उजेडात धरून बघणार. दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळे, पण रागावत नसे. भोपाळात माणसाला वेळ असतो.

रिटायर व्हायला थोडे महिने राहिले तेव्हा भोपाळातच बाग सेवनियाला त्यांचं घर बांधून तयार होतं. त्यांना आता एकच गोष्ट हवी होती. निरोपाच्या दिवशी साहेबांनी सगळ्यांसमोर म्हणावं, की एवढ्या नोकरीत भोंगाड्यांच्या हातून एकही नंबर चुकला नाही. हे त्यांनी साहेबांना सांगून ठेवलं होतं आणि साहेबांनी हसून हो म्हटलं होतं. अख्ख्या कॉलनीला ते वाक्य पाठ झालं होतं.

"लोकांना शाल हवी असते, घड्याळ हवं असतं," कुसुमताई म्हणायच्या. "ह्यांना वाक्य हवंय." पण त्या दिवसासाठी त्यांनी नागपूरहून साडी मागवली होती, आणि माहेरी फोनवर तेच वाक्य सांगितलेलं मी ऐकलं होतं.

त्याच वर्षी त्यांच्या हाताखाली रुपाली आली. अमरावतीची मुलगी, नुकतीच इंजिनिअर झालेली, नोकरीत अजून पक्की व्हायची होती. हॉस्टेलच्या मेसमधलं जेवण तिला जाईना, म्हणून दोन्ही वेळा आमच्याकडे जेवायची. भाऊजी समोरून तिचा आवाज ऐकून यायचे आणि दारात उभे राहूनच शिकवायला लागायचे.

"एका तुकड्याची कॉपी करून दुसरा काढलास, तर पहिलं काम काय?"

"नंबर बदलणं, सर."

"आणि विसरलीस तर?"

"सर, आधी भाकरी संपवू का?"

भाऊजी हसत नसत, पण जातही नसत.

उन्हाळ्यात ते पुतण्याच्या लग्नाला वर्ध्याला गेले. कुसुमताईंनीच ओढून नेलं. ते परत आले त्याच्या दुसऱ्या दिवशी आमचे हे शॉपवरून आले आणि बूट काढता काढता म्हणाले, "आज गंमत झाली. मशीनला दोन ब्रॅकेट लागतात. एक डावीकडे, एक उजवीकडे. आले ते दोन्ही डावे. जोड मागितला आणि दोन्ही डाव्या पायातल्या चपला आल्या, तसं."

मी जेवण वाढत होते. रुपाली पानावर बसली होती. तिचा हात थांबला.

हे आंघोळीला गेल्यावर तिने मला सांगितलं. डावा ब्रॅकेट तिने काढला, त्याची कॉपी केली, आरशात दिसतो तसा उलटवून उजवा केला, आणि नंबर बदलायचा राहिला. दोन्हींचा नंबर एकच, म्हणून कम्प्युटरला तो एकच तुकडा वाटला. यादीत एकच ओळ आली, नग दोन. यादी भाऊजींच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर जात नसे. पण शॉपवाले घाई करत होते आणि भाऊजी वर्ध्याला होते. तिने पाठवून दिली.

"साहेबांनी आज विचारलं, यादी कोणी सोडली. मी तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, गावाला जाण्याआधी मी बघितली होती. माझ्या नजरेतून सुटलं."

"मग?"

"काकू, ते गेले तेव्हा चित्रच काढलेलं नव्हतं. कम्प्युटरमध्ये तारीख दिसते. कुणी उघडून बघितली नाही. भोंगाडे सर स्वतःची चूक सांगतायत म्हटल्यावर कोण बघणार?"

खरं सांगायला ती निघाली होती. भाऊजींनी तिला व्हरांड्यात अडवलं. "तुझं पक्कं व्हायचंय. माझं सगळं होऊन गेलंय. आता सांगितलंस तर मी खोटा ठरेन आणि तू जाशील. जा, कामाला लाग."

कुसुमताईंना ही गोष्ट शॉपवाल्यांच्या बायकांकडून कळली. त्या आमच्याकडे येऊन पाटावर बसल्या. "ह्यांच्या हातून कसं झालं गं, मंदा? मीच नेलं लग्नाला. निघायच्या घाईत बघितलं असेल यादीकडे. मी सारखी मागे लागले होते, गाडी चुकेल, गाडी चुकेल." मी त्यांना पाणी दिलं. भाऊजी मागोमाग आले, माझ्याकडे एकदा बघितलं, आणि नळाला पाणी कधी येणार ते विचारायला लागले. मी पाण्याची वेळ सांगितली. दुसरं काही सांगितलं नाही.

पावसाळ्यात रुपाली पक्की झाली. नंतर भाऊजींच्या निरोपाचा दिवस आला. कुसुमताई नवी साडी नेसल्या होत्या. साहेब हिंदीत बोलले आणि चांगलं बोलले. वक्त के पाबंद म्हणाले, ईमानदार म्हणाले. मिलनसार म्हणाले तेव्हा कुसुमताईंनी मला कोपराने ढोसलं. मग साहेब थोडे थांबले, इथे आणखी काही म्हणायचं होतं असं. भाऊजी पंख्याकडे बघत होते. साहेबांनी पाण्याचा घोट घेतला आणि शाल मागवली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुसुमताईंनीही वाजवल्या, थोड्या उशिरा.

रुपाली कुठेच दिसली नाही.

घरी आल्यावर कुसुमताई निरोपात मिळालेल्या घड्याळाचा खोका घेऊन आत गेल्या. आमचे हे मागे राहिले होते. मी कुलूप काढत होते. भाऊजी जिन्यातच उभे होते, अंगावर शाल, हातात हार.

"वहिनी, ती पोरगी जेवली का आज?"

"सकाळपासून आलीच नाही भाऊजी."

त्यांनी हार जिन्याच्या कठड्यावर ठेवला. "फोन करा तिला. सर जेवायला थांबलेत म्हणावं."

ते आमच्या घरात आले आणि भिंतीशी बसले. मी पोळ्या टाकल्या, त्यांचं पान वाढलं. वरण निवलं, मी ते पुन्हा गरम केलं. ती येईपर्यंत त्यांनी पानाला हात लावला नाही.