सात घरांचं कलम आणि शौनकचं सर्टिफिकेट

रत्नागिरी तालुक्यातलं कुठलंही आंब्याचं कलम दाखवा आणि मला विचारा, हे कोणाचं? मी हातातली भाजी निवडता निवडता सांगेन! नुसता मालकच नाही, त्याची भावकी, त्या भावकीतलं भांडण आणि त्या भांडणात खरी बाजू कोणाची, तेही सांगेन. आमच्या आंबा बागायतदार संघात १९९२ साली कॉम्प्युटर आला. तेव्हापासून त्याच्या पोटातली सगळी माहिती मी, हेमा शिवलकर, एकटीनं सांभाळली. अकरा वर्षं! आणि अकरा वर्षांत एक तक्रार नाही. अशा बाईला २००३ सालच्या जानेवारीत संघाचे चेअरमन श्रीपतीअण्णा काय म्हणाले असतील?

"हेमाताई, आता आपल्याला एक डेटाबेस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर पाहिजे."

"मग मी कोण आहे?"

अण्णांनी चष्मा लावून फाईल पाहिली. "तुम्ही क्लार्क-कम-टायपिस्ट आहात."

संघ नवीन कॉम्प्युटर घेणार होता, आणि तो विकणाऱ्या कंपनीनं अण्णांच्या डोक्यात भरवलं होतं की माहिती सांभाळणारा माणूस सर्टिफाइड हवा. म्हणजे परीक्षा देऊन कागद मिळवलेला. अहो, भाट्याच्या खाडीत जन्मभर होडी चालवणाऱ्याला कोणी पोहण्याचं सर्टिफिकेट विचारलंय का? मी हे अण्णांना विचारलं. अण्णा म्हणाले, "विचार चांगला आहे." आणि त्यांनी जाहिरात दिली.

ठरलं ते असं. एक सर्टिफाइड माणूस तीन महिने घ्यायचा. त्यानं यंदाची सामायिक कलमांची, म्हणजे कुठल्या कलमाचे आंबे यंदा कोणी काढायचे त्याची, यादी काढायची, आणि मग कमिटी ठरवणार, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं पद त्याला की मला. त्याला मिळालं तर माझी रवानगी मागच्या गोडाऊनात, भाताच्या पेंढ्यात आणि रिकाम्या पेट्यांत! पंख्याखाली बसणारी बाई पेंढ्यात? संताप संताप झाला माझा.

फेब्रुवारीत शौनक आला. मूळचा सावर्ड्याचा, पण दोन वर्षं पुण्यात काढलेली, आणि ती दर वाक्यात कळायची. वय चोवीस, सर्टिफिकिटं तीन. आल्या आल्या त्यानं काय केलं? माझ्या टेबलामागचं कॅलेंडर उतरवलं आणि त्याच खिळ्याला आपलं फ्रेम केलेलं सर्टिफिकेट टांगलं! वर म्हणतो कसा, "काकू, तुमची बॅकअप पॉलिसी काय आहे?"

काकू! भर ऑफिसात!

"पॉलिसी म्हणजे?"

"म्हणजे मशीन बिघडलं तर माहितीची दुसरी प्रत कुठे असते?"

"पिशवीत."

खरंच असायची. रोज संध्याकाळी सगळी माहिती अकरा फ्लॉप्यांवर उतरवायची, फ्लॉप्या कापडी पिशवीत घालायच्या आणि पिशवी घरी न्यायची. जाताना वर भाजी. अकरा वर्षांत ना फ्लॉपी बिघडली, ना भाजी. शौनकनं ते सगळं वहीत इंग्रजीत लिहून घेतलं. मी डोकावून पाहिलं, तर 'व्हेजिटेबल' हा शब्द दोनदा अधोरेखित केला होता.

आता मुख्य भानगड. आमच्याकडे एक कलम म्हणजे एक मालक, असं कधी असतं का? आजोबांनी लावलेलं कलम चार चुलत्यांत येतं, चुलत्यांचं अकरा भावांत येतं. मग एक वर्ष या घरानं आंबे काढायचे, पुढच्या वर्षी त्या घरानं. जुन्या प्रोग्रॅममध्ये मात्र दर कलमापुढे मालकाचं एकच नाव मावायचं. मग मी काय युक्ती केली? जो आधी ऑफिसात आला त्याचं नाव मालक म्हणून घातलं आणि बाकीची भावकी 'शेरा' नावाच्या रकान्यात भरली! पाळी कोणाची, वाटणी कधी झाली, कोण वारलं, सगळं शेऱ्यात. नाव बदलायला गेलं की तो प्रोग्रॅम बंद पडायचा, म्हणून मालक बदलला तरी मी शेऱ्यातच लिहायची. संघाचा खरा जीव त्या शेऱ्यात होता.

शौनकनं दोन दिवस तो रकाना वाचला आणि माझ्याकडे आला.

"काकू, या शेऱ्यात कोणी वाट्टेल ते लिहून ठेवलंय. याला डेटा म्हणत नाहीत. क्लीन करावं लागेल."

कोणी म्हणजे मीच की! खरं म्हणजे त्याच क्षणी त्याला सगळं समजावून सांगायला हवं होतं. पण पुढे तो म्हणाला, "ट्रेनिंग घेतलेल्या माणसानं असं कधीच केलं नसतं." झालं! माझं डोकं फिरलं.

"मग टाका काढून!"

"नक्की? यात काही महत्त्वाचं नाही ना?"

"मला काय कळतंय? मी क्लार्क-कम-टायपिस्ट!"

त्यानं लगेच एक फॉर्म पुढे केला. म्हणे कुठलाही बदल करण्यापूर्वी जुन्या माणसाची लेखी मंजुरी घ्यायची असते, परीक्षेत तसं शिकवतात. मी लफ्फेदार सही ठोकली आणि चहाला गेले. मनात म्हटलं, पड तोंडावर. मार्च संपायच्या आत 'काकू, वाचवा' म्हणत येशील.

मार्चअखेर यादी निघाली. काय यादी होती! रंगीत छपाई, चौकटी, खाली संघाचा लाल शिक्का, त्याखाली 'सर्टिफाइड' असं लिहून शौनकची सही आणि वरून प्लॅस्टिकचं लॅमिनेशन. माझी यादी ठोक्याच्या प्रिंटरवर निघायची आणि शेरे एकमेकांवर चढायचे, ते सोडा. अण्णा त्या यादीवरून हात फिरवत राहिले. "हेमाताई, ह्याला म्हणतात काम!" दुसऱ्याच दिवशी सगळ्या भावक्यांना एकेक प्रत गेली, आणि मी आतून नुसती धुमसत होते.

सोमवारी सकाळी ऑफिस उघडलं आणि दारात पंधरा फुटी शिडी आडवी! शिडीच्या एका टोकाला काशीराम, मागे त्याच्या भावकीतली वीसेक माणसं, आणि मधे खुर्चीवर बसवून आणलेली त्यांची सगळ्यांत थोरली जाईबाई.

"ताई, ह्यो कागद तुमचाच ना?" काशीराम गरजला.

"माझा नाही! साहेबांचा." मी शौनककडे बोट दाखवलं. तेवढं सुख सोडते की काय?

झालं होतं असं. सात घरांच्या मधोमध त्यांचं एक जुनं कलम आहे. यंदा पाळी काशीरामची. पण यादीत मालक म्हणून केरूचं एकट्याचं नाव! कारण १९९२ साली ऑफिसात आधी केरू आला होता. केरूनं शिक्का बघितला, पहाटेच आंबे उतरवायची जाळीची काठी, म्हणजे झेला, घेऊन झाडावर चढला आणि निम्मे आंबे उतरवले. काशीरामला कळलं तसा तो धावत गेला, आणि त्यानं काय करावं? खालची शिडी काढून घेतली आणि पुरावा म्हणून इथे आणली!

"मग केरू कुठे आहे?" अण्णांनी विचारलं.

"वरती!"

अण्णा काही बोलणार, तोच फोन वाजला. अण्णांच्या घरून. वहिनींचा आवाज आम्हां सगळ्यांना ऐकू आला. "अहो, लवूभावजी आपल्या दारातलं कलम उतरवतायत! मी विचारलं तर कागद दाखवतायत!"

लवू म्हणजे अण्णांचा धाकटा भाऊ. दोघं नऊ वर्षं बोलत नाहीत. ते कलम पूर्वी लवूच्या नावावर होतं, वाटणीत अण्णांकडे आलं, आणि ती वाटणी कुठे लिहिलेली होती? माझ्या शेऱ्यात! अण्णांचा चेहरा पिकल्या कोकमासारखा झाला. दुपारपर्यंत अंगणात बारा भावक्या जमल्या. एकीनं तर सहा वर्षांपूर्वी वारलेल्या आजोबांच्या नावावर कलम आलं म्हणून आजोबांचा फोटोच आणला होता, जाब विचारायला.

"शौनक!" अण्णा ओरडले. "शेरा कुठे गेला?"

"सर, जुन्या माणसाची लेखी मंजुरी आहे." त्यानं शांतपणे फॉर्म काढला. माझी ती लफ्फेदार सही!

सगळं अंगण माझ्याकडे बघायला लागलं. पण मी डगमगते होय? "थांबा!" मी म्हटलं. "शेरा माझ्या घरी सुखरूप आहे!" सही केल्या दिवसापासून रागानं मी एकही फ्लॉपी नव्यानं भरली नव्हती, त्यामुळे जुना शेरा त्यांत तसाच होता. रिक्षा केली, घर गाठलं, फ्लॉप्या आणल्या. अकराच्या अकरा चालल्या! सांगा आता, पॉलिसी मोठी की पिशवी? मी माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर शेरा उघडला आणि कमरेवर हात ठेवून म्हटलं, "वाचा आता मोठ्यानं. कोणाची पाळी ते सगळ्यांना कळू दे!"

इथे माझं चुकलं.

शौनकनं खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. "काशीराम. यंदा पाळी. रागीट आहे, सकाळी बोलू नये. केरू. त्याला विचारू नये, बायकोला विचारावं. लवू. भांडखोर, पण खरी बाजू त्याचीच. श्रीपतीअण्णा. दुपारी झोपलेले असतात, घरी नाहीत म्हणून सांगतात."

"पुरे!" मी किंचाळले.

"काकू, अजून चारशे आहेत."

एव्हाना लवू, हातात ते लॅमिनेशन घेऊन, फाटकातून आत आला होता. तो नऊ वर्षांनी अण्णांशी पहिलं वाक्य बोलला. "ऐकलंस? खरी बाजू माझी! संघाच्या रेकॉर्डला आहे!" मग जो गलका झाला तो विचारू नका. कोणी मला शिव्या देतंय, कोणी शौनकला, आणि दोनतीन जण हळूच येऊन विचारतायत, "ताई, आमच्यापुढे काय लिहिलंय?"

"गप ऱ्हावा सगली!" जाईबाई खुर्चीतून ओरडली. ऐंशीची बाई, पण आवाज असा की शौनकच्या हातातली फ्लॉपी पडली. "आदी ती शिडी घेवन जावा. केरू वर हाय सकालपासना."

चारजण शिडी घेऊन पळाले. मी जाईबाईजवळ गेले. म्हटलं, हीच माझी बाजू घेईल. अकरा वर्षांची ओळख!

"जाईबाई, तुम्हीच सांगा. माझ्या यादीनं कधी असा घोळ घातला होता?"

"कंदीच न्हाय गो बाय."

"बघा!" मी अण्णांकडे वळले.

"तुजी यादी आमी वाचलीच कंदी?" जाईबाई म्हणाली. "एकावर एक अक्षरा चडलेली. आमी बगताव, हसताव आनि चुलीत घालताव."

"मग पाळी कोण ठरवतं?"

"मी. पयल्या दिशी जेच्या हातात झेला देतंय, तेची पाळी. आमच्यात तां असाच हाय."

मागून एकजण म्हणाला, आमच्यात थोरली काकी ठरवते. दुसरा म्हणाला, आमचं गणपतीत एकत्र जमल्यावर ठरतं. बाराच्या बारा भावक्या! एकीनंही अकरा वर्षांत माझी यादी वाचली नव्हती. म्हणून तक्रार नव्हती!

"मग या वर्षी काय झालं?" शौनकनं विचारलं. पहिल्यांदाच त्याचा आवाज जरा खाली आला होता.

"यंदाचा कागद कसा, गुलगुलीत! पानी टाकला तरी भिजत न्हाय. आनि तो लाल शिक्का. मी झेला खाली ठेवला. म्हटलं, आता कागदानं ठरवलंय तर आपन कोन?" जाईबाई माझ्याकडे वळली. "लई चांगली यादी होती, म्हनून इस्वास बसला."

अण्णा मटकन बाकावर बसले, लवूच्या शेजारी. दोघांनीही कपाळाला हात लावला. एकाच वेळी.

त्याच संध्याकाळी कमिटीची तातडीची बैठक झाली. विषय एकच, डेटाबेस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर कोण? आम्ही दोघं दाराबाहेर, शौनक या बाजूला, मी त्या बाजूला. त्यानं मला हळूच विचारलं, "काकू, तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?" खरं उत्तर मला माहीत होतं आणि ते सांगण्यासारखं नव्हतं. आत सभासदांचा प्रतिनिधी म्हणून काशीरामला बोलावलं होतं. त्याचा आवाज बाहेरपर्यंत आला.

"कोनालाव द्या वो पद! पन यादी यवडी चांगली छापू नका!"

अर्ध्या तासानं अण्णांनी मला आत बोलावून पेढा दिला. पद मला! शौनकला संघ दर महिन्याला दोन दिवस मशीन तपासायला बोलावणार. मी ताठ मानेनं ठरावाची प्रत घेतली आणि फाटकापाशी येऊन वाचली.

"सौ. हेमा शिवलकर यांच्या यादीवर गेली अकरा वर्षे एकाही सभासदाने विश्वास ठेवलेला नसून, त्यायोगे संघात शांतता नांदलेली आहे. सबब सदर पदावर त्यांचीच नेमणूक करण्यात यावी. ठराव एकमताने मंजूर."

घरी गेल्यावर यजमानांनी विचारलं, "कशावर मिळालं पद?"

"अनुभवावर!" मी म्हटलं. "आणखी कशावर?"

ते मास्तर आहेत. त्यांना प्रत्येक गोष्ट लेखी बघायची सवय. ठरावाची प्रत ते अजून मागतात, आणि मी अजून दिलेली नाही.