आजीनं डुक्कर चोरलं होतं का?

मुलांच्या हातात कोणत्या वयात कोणतं पुस्तक द्यावं, हे माझ्याइतकं अख्ख्या सवाईई बेटावर कुणाला कळत नाही. असं कोण म्हणतं विचाराल, तर तूर्त मी एकटीच म्हणते.

परदेशातून आमच्या शाळेला खोकंभर पुस्तकं आली, तेव्हा हेडमास्तरांनी ती माझ्याच पुढ्यात ठेवली. देशोदेशीची मुलं कशी राहतात, काय खातात, सणाला काय करतात, अशी रंगीत चित्रांची पुस्तकं.

"पेनीनाबाई, कुठलं पुस्तक कुठल्या वर्गाला ते तुम्ही ठरवा. शुक्रवारी गावची समिती येतेय. तक्रार नसली तर टोकाची रिकामी खोली वाचनालयाला. तक्रार आली तर सेफोसरांना."

त्या खोलीसाठी मी कितीतरी वर्षं हेडमास्तरांचं डोकं खाल्लं होतं. सेफो आमचा खेळाचा मास्तर, त्याला ती रग्बीच्या चेंडूंसाठी हवी होती. चेंडूंना खोली आणि पुस्तकांना खोकं, हा कुठला न्याय?

मी पदर खोचून, म्हणजे आमच्याकडे लुंगी घट्ट करून, कामाला लागले. हिरवा ठिपका म्हणजे लहानांना चालेल, लाल म्हणजे मोठं होईपर्यंत हात लावायचा नाही. जपानी लोक एकत्र आंघोळ करतात? लाल. मेक्सिकोतली माणसं कबरस्तानात जाऊन जेवतात, पोरं साखरेच्या कवट्या चाटतात? लालच लाल!

"पेनीनाबाई," सेफो दारातून म्हणाला, "पहिलीतली पोरं रोज आजोबांच्या थडग्यावर बसून न्याहारी करतात. घरापुढंच तर असतं."

"ते स्वतःचे आजोबा. हे परक्याचे. तू चेंडूत हवा भर जा."

मग एक गोड पुस्तक सापडलं. थंड देशातली एक मुलगी दर रविवारी फुलं घेऊन आजीला भेटायला जाते. आजी राहते ती इमारत मोठी, पडदे फुलाफुलांचे, परिचारिका हसरी, वर केक. रक्त नाही, भूत नाही, उघडं कुणी नाही. हिरवा ठिपका लावला आणि बुधवारी पहिलीला स्वतः वाचून दाखवलं.

लांगी नावाची चिमुरडी पुढेच बसली होती. तिनं विचारलं, "बाई, हे आजीचं घर?"

"हो."

"मग त्या मुलीचे आई-बाबा कुठं राहतात?"

"दुसऱ्या घरी."

"आजीला गावाबाहेर काढलं? तिनं डुक्कर चोरलं होतं का?"

आमच्या गावात म्हातारं माणूस घराबाहेर राहतं ते एकाच कारणानं, पंचांनी हाकललं तर. मी म्हटलं, "तसं नाही गं, तिकडे घरात सांभाळायला कुणी नसतं." हे तर जास्तच वाईट झालं. लांगीनं भोकाड पसरलं, मागोमाग अख्ख्या वर्गानं, आणि घंटा व्हायच्या आत पोरं आपापल्या आजीला मिठी मारायला घरी पळाली.

दुपारपर्यंत गावात बातमी होती, की शाळेत आज्यांना हाकलायचं शिकवतात. संध्याकाळपर्यंत राजधानीत आज्यांसाठी इमारत बांधून तयारही झाली होती! मी घरी आले तर सासूबाई रस्त्याकडेला गाठोड्यावर बसलेल्या.

"आई, इथं काय करताय?"

"बसची वाट बघतेय. मला कुठं टाकणार ते सांग, मी माझी जाते. फुलं आणू नकोस."

हातापाया पडून त्यांना घरात नेलं. शुक्रवारी समिती आली, तर टोकाच्या खोलीत गावातल्या झाडून सगळ्या आज्या चटया टाकून ठाण मांडून बसलेल्या. सासूबाई मधोमध. "आम्हाला हाकलायचंय ना? मग इथूनच उचला." सेफोनं चेंडूंची जाळी आणून दारातच ठेवली होती, मेल्यानं.

आता एकच उपाय उरला होता, माफी मागायची आमच्याकडची जुनी रीत. चटई डोक्यावर घेऊन शाळेच्या अंगणात बसायचं, आणि ज्यांना दुखावलं ते ती उचलतील तेव्हाच उठायचं. पण त्याला लागते घरातली सर्वांत बारीक विणीची चटई, आणि ती सासूबाईंच्या पेटीत.

"माझी माफी मागायला माझीच चटई?" त्या म्हणाल्या. पण किल्ली दिली.

मी उन्हात बसले. चटईखाली घामाच्या धारा लागल्या. खोली गेली, पुस्तकं गेली, घरातही तोंड दाखवायची सोय उरली नाही, म्हणून मला खरंच रडू आलं. बऱ्याच वेळानं खोलीतून हसण्याचा आवाज यायला लागला. मग टाळ्या. मी आपली बसून.

शेवटी चटई उचलली गेली. "अगं बाई, तू अजून इथंच?" सासूबाई म्हणाल्या. "आम्ही तुला केव्हाच माफ केलं. सांगायचं राहूनच गेलं."

झालं होतं असं, की आजीला शोधत आलेल्या लांगीनं खोक्यातून नेमकं मेक्सिकोचं पुस्तक काढून आज्यांपुढं उघडलं होतं. "बघा तरी," सासूबाई मला चित्र दाखवत म्हणाल्या, "ही माणसं मेलेल्या आजीलासुद्धा जेवायला बोलावतात. अशा लोकांना तू लाल ठिपका लावलास?"

तक्रारच उरली नाही, म्हणून समितीनं खोली वाचनालयाला दिली. अट एकच, ठिपके आज्या लावणार. तेव्हापासून रोज चार आज्या तिथं बसतात, पोरं त्यांना वाचून दाखवतात, आणि सेफोही चेंडू बाहेर ठेवून गुपचूप ऐकायला येतो.

राहता राहिलं ते थंड देशातलं पुस्तक. पहिलीच्या पोरांनी त्याला शेवटी एक पान जोडलं होतं. त्यात ती आजी आमच्या धक्क्यावर होडीतून उतरतेय, हातात केक, आणि तिला घ्यायला अख्खा वर्ग आणि एक डुक्कर आलंय. सासूबाईंनी ते पान बराच वेळ पाहिलं आणि पहिलीसाठी हिरवा ठिपका लावला. मग शेजारी एक लालही लावला.

"आई, हा कुणासाठी?"

"साठीच्या पुढच्यांसाठी," त्या म्हणाल्या. "त्या वयाला नाही झेपत असलं."