पूर्वतयारीचा पूल

एका जंगलात एक ओढा होता. मुलांनो, ओढा तसा लहानच, पण पावसाळ्यात तो स्वतःला नदी समजायचा. अलीकडच्या काठावर प्राण्यांची घरं होती आणि पलीकडच्या काठावर जांभळं. त्यामुळे दर वर्षी कुणी ना कुणी पाण्यात उतरायचं, आणि दर वर्षी कुणी ना कुणी परत यायचं नाही. एका वर्षी सशिणीचं धाकटं पिल्लू वाहून गेलं. तेव्हा सिंहाने सभा घेतली.

"आपल्याला पूल हवा," सिंह म्हणाला.

टाळ्या झाल्या.

"पूल बांधता कुणाला येतो?"

टाळ्या थांबल्या.

शेवटी ठरलं, की कुणाला तरी दूर उत्तरेच्या जंगलात शिकायला पाठवायचं. तिथे बीव्हर राहतात. बीव्हर म्हणजे चपट्या शेपटीचा, दातांनी झाडं पाडून पाण्यावर बांध घालणारा प्राणी. त्यांचं बांधकामाचं विद्यापीठ होतं. त्याचं नाव एवढं मोठं होतं, की तिथे काय शिकवतात हे कुणी विचारतच नसे.

निवड झाली शलाकाची. साळूबाई साळिंदरणीची ही एकुलती एक मुलगी. दात धारदार, डोकं त्याहून धारदार.

"वेळेवर खात जा," निघताना साळूबाई म्हणाली. "आणि पुढच्या पावसाच्या आत शिकून ये गं."

सशीण पुढे आली. तिने नुसता शलाकाच्या पाठीवरून हात फिरवला. साळिंदराच्या पाठीवरून हात फिरवणं सोपं नसतं, मुलांनो.

विद्यापीठात प्राध्यापक दंताळे नावाचे ज्येष्ठ बीव्हर तिला भेटले. फार प्रेमळ होते.

"सर, मला पूल बांधायला शिकायचंय."

"वा! पण बाहेरच्या जंगलातून येणाऱ्यांना थेट पहिल्या वर्षात बसता येत नाही. आधी पूर्वतयारी वर्ष."

"का बरं?"

"पहिलं वर्ष बाहेरच्यांना झेपत नाही."

"कुणाला झेपलं नाही, सर?"

दंताळ्यांनी विचार केला. "अजून कुणाला बसूच दिलेलं नाही," ते अभिमानाने म्हणाले.

पूर्वतयारीचा वर्ग झाडाखाली भरायचा. पहिला विषय 'लाकूड : एक परिचय'. शलाका जन्मल्यापासून लाकूड कुरतडत होती, पण परिचय असा कुणी करून दिला नव्हता. दुसरा विषय शेपटीचा. तिथे धडा समजला की शेपटी पाण्यावर आपटायची असा रिवाज होता. शलाकाला धडा समजला की तिचे काटे खुळखुळायचे. मग दंताळे दचकून पाण्यात उडी मारायचे. तिला जादा तासांना बसवलं.

शेजारी जैसल नावाचा उंट बसायचा. वाळूवर रस्ते कसे बांधावेत हे शिकायला तो आला होता.

"पहिल्या वर्षात कधी जाणार, दादा?" शलाकाने विचारलं.

"घाई काय आहे? इथे सावली आहे, पाणी आहे. पुढे गणित आहे म्हणतात."

सुरुवातीला शलाका चिडायची. गावाकडचा पाऊस जवळ आला तशी ती दंताळ्यांकडे धावली.

"सर, निदान एक साधा साकव शिकवा."

"साकव तिसऱ्या वर्षात आहे."

"मग मी तिसऱ्या वर्षाच्या खिडकीशी उभी राहू का?"

"खिडकी दुसऱ्या वर्षात आहे, बाळ."

त्या पावसात गावाकडे एक हरिण वाहून गेलं. खंड्या पक्ष्याने ती बातमी आणली. शलाका दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी मात्र परीक्षा होती. तिने पोटभर खाल्लं आणि ती पहिली आली. गळ्यात फुलांचा हार पडला. बीव्हरांनी शेपट्या आपटल्या. इतकं कौतुक आयुष्यात कुणी केलं नव्हतं. तिचा राग कुठल्या कुठे गेला.

"आता पहिलं वर्ष ना, सर?"

"जागा भरल्या गं. पण तू पूर्वतयारी इतकी सुंदर केलीस, की तुझ्या जंगलात आमची शाखाच काढ."

शलाका परतली. सगळं जंगल वेशीवर आलं.

"पूल कधी?" सिंहाने विचारलं.

"पूल नंतर," शलाका गंभीरपणे म्हणाली. "आधी तुम्ही पुलावरून चालायला लायक आहात का, ते बघायला हवं."

हे सगळ्यांना पटलं. वर्ग सुरू झाले. 'काठ म्हणजे काय', 'पाऊल : एक परिचय'. प्रमाणपत्राशिवाय ओढ्याकडे जायला बंदी झाली. त्या वर्षी कुणीच बुडालं नाही. "पूल नसताना एवढा फायदा!" सिंह म्हणाला. "असता तर काय झालं असतं!"

पुढच्या वळवात मोठं वादळ झालं. काठावरचा जुना अर्जुनवृक्ष उन्मळला आणि ओढ्यावर आडवा पडला. या काठापासून त्या काठापर्यंत. सकाळी सगळा वर्ग बघायला जमला. सशीण कधी वर्गाला आली नव्हती. तिने उरलेल्या पिल्लाला तोंडात धरलं आणि ती खोडावर चढली.

"थांबा! प्रमाणपत्र कुठंय?" शलाका ओरडली.

सशिणीच्या तोंडात पिल्लू होतं. तिला उत्तर देता आलं नाही. ती पलीकडे पोचली.

साळूबाई लेकीजवळ आली. "पोरी, पूल झाला की."

"झाला नाही, आई. पडला. पडलेल्याला पूल म्हणत नाहीत."

"बरं," साळूबाई म्हणाली. तिने लेकीकडे एकदा नीट पाहिलं आणि ती खोडावर चढली. शलाकाचे काटे खुळखुळले. एक पाय पुढेही झाला. पण मागे सगळा वर्ग उभा होता. तिने पाय मागे घेतला. साळूबाई वळली नाही. चालताना तिला पावलांकडे बघायचं होतं.

"शिकलेल्यांचं मत काय?" सिंहाने विचारलं.

"धोकादायक आहे," शलाका म्हणाली.

साळूबाई पलीकडे पोचली, तेव्हा हत्तीने खोड ढकललं. ओढ्याने ते नेलं.

संध्याकाळी शलाका काठावर जाऊन बसली. पलीकडे साळूबाई बसली होती. ती हात हलवून काहीतरी सांगत होती. पाण्याच्या आवाजात ते ऐकू आलं नाही.

वर्षअखेरीस शाखेने हिशेब मांडला. बुडालेले : कुणी नाही. गळती : तीन.

तात्पर्य : मुलांनो, पाया नेहमी पक्का असावा. पाया पुरेसा पक्का झाला, की त्यावर काही बांधायचा मोह होत नाही.